नकाशावरची रिकामी जागा

हवामानाचे सगळे थर एकाच वेळी सुरू केले की नकाशा फार देखणा दिसतो आणि त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. खाली उपग्रहाचे ढग, त्यावर रडारचा हिरवा-पिवळा, त्यावर अंदाजातल्या पावसाचा निळा, वाऱ्याच्या सळसळत्या रेषा, विमानतळांचे रंगीत ठिपके आणि या सगळ्याभोवती सिग्मेटची, म्हणजे विमानांसाठीच्या धोक्याच्या हवेच्या इशाऱ्याची, लाल चौकट. फ्लाइट प्लॅनिंगची आजची सॉफ्टवेअर हे सगळं एका बोटावर देतात. फोरफ्लाइट असो, स्कायडेमन असो, नाहीतर गावातला कपाशीवाला पोरगाही उघडून बसतो ती विंडी असो. थरांची एक यादी आणि प्रत्येकापुढे एक बटण. बटण आहे म्हटल्यावर माणूस ते दाबतोच.

मी काही वर्षं एका विमान कंपनीत डिस्पॅचर होतो. डिस्पॅचर विमान उडवत नाही. विमान कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाणार, याचा कागद तो तयार करतो. आता आर्वी तालुक्यात घरी असतो, शेती बघतो. पण नकाशे उघडायची खोड गेलेली नाही, आणि ती जाऊ नये याची काळजी दोन माणसं घेतात. एक माझी भाची, जी गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकते. दुसरे शेजारचे काकाजी. त्यांच्या सोयाबीनवर फवारणी केव्हा करायची हे मी सांगावं, अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. एकीला साडेचार हजार फुटांवरची हवा हवी असते, दुसऱ्याला कमरेएवढ्या पिकावरची. दोघांपुढे नकाशा मात्र एकच असतो.

भाचीचा मार्ग सोपा. बिरसीहून नागपूर आणि परत. हवेतून साधारण ७४ नॉटिकल मैल, म्हणजे १३७ किलोमीटर. खाली तिरोडा, तिथल्या वीज केंद्राच्या चिमण्या, मग वैनगंगा, भंडारा डाव्या हाताला, मौद्याच्या बाजूने सोनेगाव, म्हणजे नागपूरचा विमानतळ. दोन्ही टोकांना आकाशाकडे बघणारं कुणीतरी असतं. मधे धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. या मधल्या पट्ट्याचं हवामान सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, पण तसं ते कधी कबूल करत नाही. तिथे ते रंग भरून मोकळं होतं.

म्हणून थर निवडताना मी तिला पहिला प्रश्न हाच घातला की यातलं कोणतं कुणीतरी पाहिलेलं आहे आणि कोणतं गणिताने काढलेलं आहे. मेटार, म्हणजे विमानतळावरच्या हवेची नोंद, हे पाहिलेलं. नागपूरहून ते दर अर्ध्या तासाने येतं. वारा, दृश्यमानता, ढगांचा तळ, तापमान, दाब, सगळं त्या ठिकाणचं आणि त्या वेळचं. रडार पाहिलेलं, उपग्रह पाहिलेला, वीज पडल्याची नोंद पाहिलेली. बाकी उंचीवरचा वारा, पावसाचा निळा, ढगांचे थर, विमानावर बर्फ धरण्याची शक्यता, हवेतले धक्के हे जवळजवळ सगळं कुठल्यातरी संगणकात तयार झालेलं. पडद्यावर मात्र दोन्हींच्या कडा सारख्याच रेखीव असतात. खरं म्हणजे गणिताच्याच जास्त रेखीव असतात, कारण प्रत्यक्षातला ढग फाटका असतो.

आमचा विदर्भ या बाबतीत फार शिकवणारा मुलूख आहे. नकाशावर नागपूरचा ठिपका दिसतो. पूर्वेला तसाच ठळक ठिपका थेट रायपूरचा, उत्तरेला जबलपूरचा, दक्षिणेला पार हैदराबादचा. यवतमाळची आणि चंद्रपूरजवळच्या मोरव्याची धावपट्टी नकाशावर असते, पण तिच्याशेजारी हवामानाचा ठिपका नसतो. वर्ध्याला, यवतमाळला, ब्रह्मपुरीला हवामान खात्याची केंद्रं आहेत. तिथे तापमान आणि पाऊस मोजला जातो, उन्हाळ्यात ब्रह्मपुरीचा आकडा तर बातम्यांतही येतो. पण वैमानिकाला लागते ती ढगांच्या तळाची उंची आणि दृश्यमानता, आणि ती अर्ध्या-अर्ध्या तासाने तिथून येत नाही. टॅफ, म्हणजे विमानतळाचा अंदाज, तोही फक्त विमानतळाभोवतीच्या आठ किलोमीटरचा. सोनेगावचा टॅफ बुटीबोरीलासुद्धा लागू नाही, मग तिरोड्याचं काय घेऊन बसलात? तरी बोट नेऊन तिरोड्यावर ठेवलं की सॉफ्टवेअर बिनदिक्कत वारा सांगतं, ढग सांगतं, दशांशासकट तापमान सांगतं.

ठिपक्यांचे रंग हा दुसरा चकवा. हिरवा म्हणजे स्वच्छ, निळा म्हणजे काठावरचं, लाल म्हणजे उपकरणांवरच उडण्याजोगं, जांभळट गुलाबी म्हणजे त्याहून वाईट. ही वाटणी अमेरिकेतली आहे. ढगांचा तळ ३००० फुटांच्या वर आणि दृश्यमानता पाच मैलांहून जास्त असेल तर हिरवा. तळ १००० ते ३००० फुटांत असेल किंवा दृश्यमानता तीन ते पाच मैलांत असेल तर निळा. आपल्याकडे विमानतळाच्या हद्दीत डोळ्यांनी बघून उडायचं तर दृश्यमानता ५ किलोमीटर आणि ढगांचा तळ १५०० फूट लागतो. म्हणजे १२०० फुटांवर ढग असला तरी ठिपका निळा आणि २५०० फुटांवर असला तरी निळाच. पहिल्यात तिला परवानगी नाही, दुसऱ्यात आहे. ऑगस्टमधे आमच्याकडे ढग बहुतेक याच पट्ट्यात लोंबत असतात, त्यामुळे महिनाभर ठिपका निळा आणि महिनाभर त्याचा उपयोग शून्य. ठिपक्यावर बोट दाबून आतली ओळ वाचणं एवढाच उपाय. भाचीची पिढी ती ओळ वाचायला कंटाळते, कारण ती संकेतांत असते. माझी पिढी तिच्यावरच वाढली.

आम्हाला तर रंगच नव्हते. कंपनीच्या प्रणालीत उंचीवरचा वारा लंडन आणि वॉशिंग्टन या दोन जागतिक केंद्रांकडून जाळीच्या आकड्यांत यायचा आणि मार्गाच्या प्रत्येक टप्प्यापुढे उणे पंचवीस, अधिक तीस असा छापून निघायचा. उणे म्हणजे समोरचा, अधिक म्हणजे पाठीमागचा. आकड्यांत वारा असला की डोळा फसत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. रंगाला माणूस भुलतो. लाल दिसला की घाबरतो, निळा दिसला की सैलावतो, आणि पट्टीवर त्या रंगाचा आकडा किती हे बघतच नाही.

वाऱ्याच्या थरालाही एक खोच आहे, ती उंचीची. थर उघडला की बहुतेक ठिकाणी तो जमिनीवरचा वारा दाखवतो, म्हणजे १० मीटर उंचीवरचा. भाची जाणार ४५०० फुटांवरून, येणार ५५०० वरून. पश्चिमेकडे जाताना सम हजार अधिक पाचशे आणि पूर्वेकडे येताना विषम हजार अधिक पाचशे, असा नियमच आहे. मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारं संगणकातलं गणित, फुटांत बोलत नाही, दाबात बोलतं. ८५० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ५००० फूट, ७०० म्हणजे १०,०००. मधल्या उंचीचा वारा सॉफ्टवेअर दोन्हींतून काढतं. ऑगस्टच्या उघडिपीत खाली झाडाचं पान हलत नसतं आणि ८५० वर पश्चिमेचा वारा २५ नॉटने, म्हणजे तासाला २५ नॉटिकल मैलांनी, चाललेला असतो. तिचं शिकाऊ विमान समजा ११० नॉटचं. वारा नसता तर एकेरी ४० मिनिटं लागली असती. समोरचे २५ नॉट धरले तर जाताना ५२, येताना पाठीमागून तेच २५ धरले तर ३३. जाताना बारा मिनिटं गेली आणि येताना सातच परत मिळाली. वारा कधीच सगळं परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून असतो. जमिनीवरचा थर बघून इंधन काढलं तर हे दिसतच नाही. अशाच एका दिवशी तिने वरच्या वाऱ्यावरून इंधन काढलं होतं, बरोबर काढलं होतं, आणि वर मलाच विचारत होती, "मामा, ६५०० वर गेली तर जास्त लागेन का वारा?" लागला असता.

उंचीची ही पट्टी पावसाळ्यात एकदा तळापासून वरपर्यंत सरकवून बघा, विमानाशी काही देणंघेणं नसलं तरी. खाली रेषा अरबी समुद्राकडून बंगालच्या उपसागराकडे धावतात. वर जाता जाता त्या मंदावतात, भरकटतात, आणि १४-१५ किलोमीटरवर पोहोचेपर्यंत पूर्ण उलट्या फिरतात. तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे मोठा झोत वाहत असतो. त्यामुळे पावसाळ्यात कोलकात्याहून मुंबईला जाणाऱ्या विमानाला, जे आमच्या डोक्यावरून जातं, पाठीमागून मदत मिळते. हिवाळ्यात तेच विमान पश्चिमेच्या झोतावर डोकं आपटत जातं. इतकी उलथापालथ एकाच गावाच्या एकाच आकाशात असते, आणि आपण खाली उभं राहून म्हणतो, आज वारा नाही.

रडारबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यांचा सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर. नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी खाली वळते. अगदी अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरणही आमच्या आर्वीवर येईपर्यंत सव्वा किलोमीटर उंच गेलेला असतो. यवतमाळवर दोन किलोमीटरच्या वर. सिरोंच्यावर तो सहा किलोमीटरच्याही वर असतो, म्हणजे तिथल्या पावसाळी ढगाचा खालचा भाग सोडून वरचाच भाग त्याला दिसणार. नकाशावर मात्र तिन्ही गावं एकाच पातळीवर, एकाच रंगात. ऑगस्टमधली खालच्या ढगातून पडणारी बारीक झड यवतमाळकडे रडारला दिसत नाही. नकाशा कोरा, आणि खाली डोंगर पुसलेले.

मे महिन्यात नेमकं उलट. ढगाचा तळ खूप उंच, खालची हवा भट्टीतून काढल्यासारखी कोरडी. रडारला दोन किलोमीटरवर पाऊस दिसतो, तो पिवळा रंगवतो, आणि तो पाऊस जमिनीवर पोहोचण्याआधीच वाळून जातो. पाणी वाळताना हवा गार होते, जड होते आणि धाडकन खाली येते. धुळीचा लोट उठतो, गोठ्याचे टिन उडतात, पाण्याचा थेंब नाही. काकाजी याला रडारची चूक समजतात. "पिवळं दाखवलं, अन् पाणी कुठी हाय?" असं मला सुनावतात, जसं काही ते पिवळं मी सांडलं. पण विमानाच्या दृष्टीने ती न पडलेली सरच जास्त धोक्याची. उतरायच्या बेतात असलेल्या छोट्या विमानाला वरून येणारा असा झोत आधी उचलतो आणि मग दाबतो. त्यामुळे मे महिन्यात पिवळा दिसला आणि मेटारमधे पावसाचा उल्लेख नसला, तर निश्चिंत व्हायचं नाही, उलट कान टवकारायचे. इथे दोन थर एकमेकांच्या विरुद्ध बोलतात आणि त्या विरोधातूनच खरी माहिती मिळते. थर एकावर एक टाकायचेच असतील तर ते अशासाठी.

मेमधलाच आणखी एक थर आहे ज्याच्याकडे शिकाऊ मुलं बघत नाहीत, कारण तो फार साधा. तापमान. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर. दुपारी ४५ अंश तापमान आणि १००२ हेक्टोपास्कल दाब धरून गणित केलं तर विमानाच्या पंखांना ती सव्वापाच हजार फुटांवर असल्यासारखी भासते. महाबळेश्वर त्याच्या खाली राहतं, कळसूबाईचं शिखर थोडंच वर. इंजिनाला हवा कमी, पंखाला हवा कमी, धावपट्टी मात्र तेवढीच. या एका आकड्यापुढे ढग, पाऊस, वीज सगळे थर त्या दिवसापुरते बंद केले तरी चालतात.

बंद करणं हीच अवघड गोष्ट आहे. भाचीच्या नकाशावर बर्फ धरण्याचा थर कायम सुरू असायचा. पावसाळ्यात आमच्याकडे शून्य अंशाची पातळी सोळा-सतरा हजार फुटांवर असते. ही पोर साडेचार हजारांवरून जाणार. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, "असू द्या ना मामा, काय बिघडते?" बिघडतं ते असं. पडद्यावर थर अर्धपारदर्शक असतात. रडारच्या पिवळ्यावर अंदाजाचा निळा पडला की डोळ्याला हिरवा दिसतो. रडारच्या पट्टीत पिवळा म्हणजे जोराची सर, हिरवा म्हणजे हलका पाऊस. म्हणजे दोन खरे थर एकत्र आले आणि तिसराच खोटा रंग तयार झाला, तोही धोका कमी करून सांगणारा. हे मी तिला तिच्याच फोनवर तुमसरच्या डोक्यावर दाखवलं. निळा काढला की ठिपका पिवळा, निळा टाकला की हिरवा. चारदा तेच बटण दाबून बघितलं तिने. त्यानंतर बर्फाचा थर गेला, आणि त्याच्यासोबत आणखी तीन गेले.

उपग्रहाचंही असंच. आपले इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मधे सोडलेला इन्सॅट-३डीएस दोन्ही उत्तम चित्रं देतात. पण रात्री आणि पहाटे जे पांढरंशुभ्र दिसतं ते अवरक्त किरणांतलं, म्हणजे ढगाच्या माथ्याचं तापमान. जितका थंड तितका पांढरा. पावसाळ्यात वादळ मरून गेलं तरी त्याच्या माथ्याचा बर्फाळ पडदा तासन् तास पसरलेला राहतो आणि नकाशावर अख्खा पूर्व विदर्भ पांढरा करतो. खाली भंडाऱ्यात ऊन पडलेलं असतं. उलट धानाच्या बांध्यांवर आणि तलावांवर पहाटे जो खालचा, कोमट ढग साचतो तो जमिनीइतकाच गरम, त्यामुळे अवरक्त चित्रात जवळजवळ दिसतच नाही. तिला अडवणारा ढग हाच, आणि चित्रात नसतो तोही हाच. साडेसात वाजले, प्रकाश आला, की दृश्य चित्र उघडायचं. त्याआधी उपग्रह बंद ठेवला तरी फारसं नुकसान नाही.

आता मॉडेलं. इथे निवडायला मुबलक. अमेरिकेचं जीएफएस १३ किलोमीटरच्या जाळीचं, युरोपीय केंद्राचं ९ चं, जर्मनीचं आयकॉन पुन्हा १३ चं, आणि मे २०२५ पासून आपलं भारत फोरकास्ट सिस्टीम ६ चं. चार मॉडेलांनी दुपारी पाऊस सांगितला की माणूस चार साक्षीदार मिळाल्यासारखा बोलतो. पण या सगळ्यांची सुरुवात बऱ्याच अंशी त्याच निरीक्षणांतून होते. सोनेगावहून पहाटे आणि संध्याकाळी हवामानाचा फुगा सुटतो, त्याचे आकडे सगळ्यांकडे जातात. उपग्रहांची मोजमापं सगळ्यांना तीच. एकाच विहिरीचं पाणी चार घागरींत भरलं म्हणून चार विहिरी होत नाहीत. मॉडेलं वेगळी असतात ती पुढच्या गणितात, आणि म्हणून ती जिथे सहमत असतात त्यापेक्षा जिथे फाटतात ती जागा मला बघावीशी वाटते. तिथे हवेला स्वतःलाच अजून काही ठरवायचं आहे, असं समजावं.

शिवाय घड्याळ बघायचं. जीएफएस दिवसातून चारदा चालतं. आपल्या वेळेप्रमाणे साडेपाच आणि साडेअकरा, सकाळ-संध्याकाळ. पण आकडे बाहेर यायला साडेतीन-चार तास, कधी जास्त. सकाळी सहाला भाची जो ताजा नकाशा बघते तो आदल्या रात्री साडेअकराच्या, नाहीतर संध्याकाळी साडेपाचच्या हवेवर उभा असतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, तेही जागतिक वेळेत, त्यात साडेपाच तास मिळवायचे. त्याच पडद्यावर रडार दहा-पंधरा मिनिटांपूर्वीचं, मेटार वीस मिनिटांपूर्वीचं. एका नकाशावर तीन वेगवेगळ्या वेळा शेजारी शेजारी बसतात आणि आपण त्याला "आत्ताचं हवामान" म्हणतो.

आणि जाळीचा आकार. गडगडाटी ढगाचा एक गाभा पाच-दहा किलोमीटरचा. १३ किलोमीटरच्या चौकोनात तो मावतो आणि हरवतो. मॉडेल त्याचा पाऊस चौकोनभर पसरवून टाकतं, म्हणून अंदाजात सगळीकडे फिकट निळा. प्रत्यक्षात एका शिवारात धो धो आणि धुऱ्यापलीकडे कोरडं. याचा अनुभव तर काकाजींना माझ्यापेक्षा जास्त. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "पाणी येते का नाई, तेवढं सांग ना बाप्पा. रंग कायले दाखवतं?" त्यांना मी एकच थर दाखवतो, दामिनी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं हे ॲप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडली ते दाखवतं. हे अंदाज नाही, झालेलं आहे. निंदणाला गेलेल्या बाया वावरात असताना पश्चिमेकडून ठिपके सरकत आले की घरी बोलवायचं, पाऊस पडो न पडो. भाचीसाठीही तो थर चांगला. वादळाची दिशा त्यातून दिसते.

फवारणीचं मात्र त्यातून ठरत नाही. आमच्या बाजूच्या गावातल्या एका बचत गटाच्या ताईंना नमो ड्रोन दीदी योजनेतून फवारणीचं ड्रोन मिळालं. देशभरात १५,००० गटांना ते देण्याची ही योजना आहे. त्या ताई विंडीवर वारा बघतात. त्यांना मी एवढंच सांगितलं की तिथला वारा १० मीटरवरचा आहे आणि तुमचं ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वर. सकाळी खालचा वारा वरच्याहून बराच शांत असतो. ऊन चढलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि औषध शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसतं. ताई म्हणाल्या, ते आम्हाले फडकं बांधून दिसतेच. बांधावर तुराटीला फडकं बांधतात त्या. पाहिलेला थर, तोही योग्य उंचीवरचा. मी गप्प बसलो.

नागपूरच्या आकाशाला थरांची सवय फार जुनी. जानेवारी १९४९ मधे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून विमानं रात्री निघायची, नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. डाकोटा विमानं, पावसाळ्यातली मध्यरात्र, विमानात रडार नाही. हवामान कार्यालयात हाताने काढलेला नकाशा आणि तो समजावून सांगणारा माणूस, एवढंच. त्या माणसाला प्रश्न विचारता यायचा की हे तुम्हाला कसं कळलं, आणि तो सांगायचा की रायपूरहून तार आली म्हणून, किंवा मला तसं वाटतं म्हणून. आजच्या थराला हा प्रश्न विचारायला बटण नाही. उड्डाणापूर्वीचं अधिकृत ब्रीफिंग आजही हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंग सिस्टीममधून घ्यायचं असतं, ते रूक्ष असतं, आणि म्हणूनच मला आवडतं. टॅफमधे प्रोब ३० टेम्पो असं येतं. शक्यता तीस टक्के, आणि आली तर एका वेळी तासाभराच्या आत सरणारी. पन्नास टक्के किंवा वर असेल तर टॅफमधे टक्केवारी लिहितच नाहीत, घटना सरळ लिहितात. अंदाज करणाऱ्याला किती खात्री आहे हे त्या अक्षरांत आलेलं असतं. रंगात ते येत नाही.

भाचीने आता तिचा नकाशा ठरवून घेतला आहे. इंधन काढताना फक्त वारा, तिच्या उंचीचा. निघायचं की नाही ठरवताना मेटार आणि टॅफ, मजकुरात. निघण्याच्या तासभर आधी रडार आणि वीज, अंदाज पूर्ण बंद ठेवून. सिग्मेट वाचून घ्यायचा, काढून ठेवायचा. पावसाळ्यात त्याची चौकट इतकी मोठी असते की तिच्या आतच अर्धा महाराष्ट्र बसतो आणि चार तासांनी नवी येते.

एका गोष्टीवर आमचं अजून जमत नाही. नव्या सॉफ्टवेअरमधे सगळ्या मॉडेलांची सरासरी काढून एकच थर देतात. तिला तो आवडतो. तिचा मुद्दा चुकीचाही नाही. बऱ्याच दिवसांचा हिशोब केला तर सरासरीची चूक एकेका मॉडेलपेक्षा कमी निघते, हे हवामानशास्त्रात पक्कं आहे. माझं म्हणणं, एका मॉडेलने तीन वाजता तिरोड्यावर वादळ ठेवलं आणि दुसऱ्याने भंडाऱ्यावर, तर सरासरी दोन्हीकडे रिमझिम दाखवणार, आणि रिमझिम हे दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. परवा रात्री यावर फोनवर चांगलीच जुंपली. ती म्हणाली, "वाऱ्याले सरासरी चालते, वादळाले नाई चालत, एवढंच म्हना ना सरळ." मी म्हटलं, वाऱ्यालाही नेहमी नाही चालत, पश्चिमेचा वीस आणि पूर्वेचा वीस मिळून शून्य होतो, त्यावर इंधन काढशील का? तर म्हणाली की असे दोन वारे एका जागी दाखवणारा दिवस मला आधी शोधून दाखवा. मी अजून शोधतो आहे. ऑक्टोबरात मॉन्सून माघारी फिरताना सात-आठ हजार फुटांवर तो सापडेल असा माझा अंदाज आहे.